गलबत आणि तुरटी

मेहुण्याच्या लग्नाची खरेदी होती. खरेदी आमच्या सौ.ची आणि पिशव्या माझ्या, अशी आमच्या घरात कामाची रीतसर वाटणी आहे. साड्यांच्या मजल्यावर माझी गरज एकदम बिलाच्या वेळीच लागणार होती, म्हणून तोवर मी तळमजल्यावर हिंडत होतो. हिंडता हिंडता एका काचेच्या कपाटात मला चक्क सोन्याची लगड दिसली.

मी बँकेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसतो. देऊळ दिसले की लोकांचे हात जोडले जातात, तसा सोने दिसले की माझा हात वजनकाटा शोधू लागतो. मी जवळ गेलो. लगड उभी होती, अंगावर अक्षरे कोरलेली होती आणि पुढे चिठ्ठी लावलेली होती.

"आफ्टरशेव्ह आहे, सर," काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली. "बघायचंय?"

मी बघितले. म्हणजे हातात घेऊन वजन अजमावले. तिने कागदाच्या पट्टीवर थोडे शिंपडून पट्टी माझ्या नाकापाशी धरली. मला एक शिंक आली. मग तिने आणखी तीन-चार बाटल्या काढल्या, तितक्याच पट्ट्या आणि माझ्या तितक्याच शिंका झाल्या. शेवटी ती अदबीने म्हणाली, "कुठलं आवडलं, सर?" आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "हे. सोन्याचं."

किंमत ऐकल्यावर वाटले, ही लगड आपल्याच बँकेत तारण ठेवून पैसे द्यावेत.

रात्री सौ.ने विचारले, "वास कसा आहे?"

"वास?" मी म्हणालो. खरोखरच मला त्या वासाबद्दल काहीही सांगता येईना.

"मग काय बघून घेतलंत?"

पंधरा-वीस वर्षांच्या संसारात हिने मला पुष्कळ प्रश्न विचारले आहेत आणि बहुतेकांची उत्तरे मी देऊ शकलेलो नाही. पण हा प्रश्न मला रात्रभर चावत राहिला. कारण असे मी पहिल्यांदाच केले नव्हते. आणि थोडी पुस्तके चाळल्यावर लक्षात आले की मी एकट्यानेच केले नव्हते. पुरुष नावाचा प्राणी दाढीनंतरचे हे पाणी गेली शंभरएक वर्षे डोळ्यांनीच हुंगत आला आहे.

मी बी.कॉम. आहे. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये मला काठावरचे मार्क मिळाले, तरी कुठल्याही वस्तूचा कच्चा माल मोजण्याची खोड काही गेली नाही. आफ्टरशेव्हचा कच्चा माल काय? मुख्यतः स्पिरिट आणि पाणी. थंडगार वाटावे म्हणून कुणी घातलाच तर मेन्थॉल, कातडी ओढू नये म्हणून ग्लिसरीन, आणि वास. स्पिरिटने कापलेल्या जागी चरचरते आणि जंतू मरतात. बस. ह्यातला वास सोडला, तर सगळे काम कोपऱ्यावरचा न्हावी तुरटीचा खडा फिरवून करतो. तुरटीने कातडी आकसते, बारीक रक्त थांबते, आणि खडा दोन दोन वर्षे झिजत नाही. बाटलीही लागत नाही. तुरटीच्या धंद्यात कुणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही, ते ह्याच कारणाने.

पूर्वी सगळीकडे दाढी न्हाव्याकडेच होत असे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या फळीवर रंगीत काचेच्या, फुले रंगवलेल्या सुंदर बाटल्या असत. आत काय, तर न्हाव्याने स्वतः कालवलेले काहीतरी. बहुधा वेस्ट इंडीजमधला 'बे रम'. १९०६ साली तिकडे अन्न-औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला आणि बिननावाच्या बाटल्यांत मनाला येईल ते भरण्याची सोय संपत आली. तेवढ्यात दुसरा घाव बसला. किंग कॅम्प जिलेट ह्या गृहस्थाने १९०३ साली टाकाऊ पात्यांचा सेफ्टी रेझर बाजारात आणला. पहिल्या वर्षी खप झाला एक्कावन्न रेझरांचा आणि एकशे अडुसष्ट पात्यांचा. (आमच्या शाखेत असा अर्जदार आला असता, तर मॅनेजरसाहेबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला असता.) दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर रेझर खपले. मग पहिले महायुद्ध आले, अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी पस्तीस लाख रेझर घेतले, आणि युद्ध संपल्यावर पोरे घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः करायला शिकूनच.

इथे खरी गोम आहे. न्हाव्याकडे गेलात तर कुठले पाणी लावायचे हे न्हावी ठरवतो. आपण मान वर करून बसायचे. आता पुरुष दुकानात एकटा उभा राहिला. समोर दहा बाटल्या. आतले पाणी सारखेच. सांगणारा न्हावी नाही. तेव्हा बोलायचे ते बाटलीनेच.

आणि बाटलीला बोलायचे होते एकच वाक्य: 'साहेब, हे अत्तर नव्हे.' कारण तिकडच्या पुरुषाला वासाची मोठी लाज. आपल्याकडे लग्नात आजोबा कानात फाया खोचून, मनगटाला अत्तर चोळून मिरवत. त्यांच्या मर्दपणाला कुणी नाव ठेवले नाही. अमेरिकेत मात्र सुवासिक पुरुष म्हणजे संशयित पुरुष. त्याला अत्तर विकायचे तर औषध म्हणून विकायला हवे, आणि औषधाला पुन्हा कपडे मर्दानी चढवायला हवेत.

हे ज्याला साधले तो विल्यम लाइटफूट शुल्ट्झ. १९३४ साली त्याने शुल्टन नावाची कंपनी काढली. १९३७ साली 'ओल्ड स्पाइस' आले, ते चक्क बायकांसाठी! पुरुषांचे आले पुढच्या वर्षी, १९३८ साली. आजवर ज्यांनी छाती पुढे काढून ओल्ड स्पाइस लावले, त्यांनी हे वाक्य बायकोला वाचून दाखवू नये.

पण शुल्ट्झने पुरुषांच्या बाटलीवर काय काढले? फुले नाहीत, पाने नाहीत. शिडाचे गलबत. तेही कुठलेतरी नव्हे, खरे, इतिहासातले. 'ग्रँड टर्क' हे मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातले, एलियस हॅस्केट डर्बी ह्या व्यापाऱ्याचे गलबत. १७८६ साली ते चीनच्या कँटन बंदरात पोचले. न्यू इंग्लंडमधून तिथवर गेलेले ते पहिले. दुसरे एक गलबत 'फ्रेंडशिप', ते १७९७ सालचे. सेलमची ही मंडळी मिऱ्यांसाठी सुमात्रापर्यंत जात आणि आपल्या मुंबईलाही येत. मुंबईत त्यांचा व्यवहार नसरवानजी माणेकजी वाडिया ह्या पारशी व्यापाऱ्याशी असे. त्यांचे रंगवलेले चित्र सेलमच्या संग्रहालयात आहे. म्हणजे गलबते पूर्वेकडे आली ती मसाला न्यायला, आणि दीडशे वर्षांनी बाटलीवर चढून पुन्हा निघाली ती मसाल्याचा वास विकायला. ह्याला आमच्या अकाउंटन्सीत काँट्रा एंट्री म्हणतात.

पहिली काही वर्षे ह्या बाटल्या काचेच्याही नव्हत्या. ओहायो राज्यातली हल पॉटरी ही कंपनी त्या चिनी मातीत घडवत असे. पुढे काच आली, तीही दुधासारखी पांढरी. आतले काही दिसायचे नाही. वर करड्या रंगाचे बूच, पोटावर गलबत. आतले पाणी किती उरले आहे, कुठल्या रंगाचे आहे, आहे की नाही, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळू नये. ही गोष्ट वाचकांनी जरा लक्षात ठेवावी. मला ती पुढे लागणार आहे.

शुल्ट्झने वाट दाखवल्यावर मागून जत्राच लोटली. इंग्लिश लेदरच्या बाटलीला लाकडाचे बूच आले. दाढी करणाऱ्याला वाटावे आपण आत्ताच घोड्यावरून उतरलो. एव्हन कंपनीने तर बाटल्यांचे बूट केले, मोटारी केल्या आणि १९७० नंतरच्या दशकात बुद्धिबळाच्या सोंगट्या केल्या. राजा, वजीर, उंट, घोडा, प्यादे, सगळ्यांच्या पोटात आफ्टरशेव्ह! पूर्ण डाव मांडायचा तर बत्तीस बाटल्या हव्यात. बत्तीस बाटल्या संपवायला माणसाने किती दाढ्या कराव्यात, ह्याचा हिशेब मी दुपारच्या सुट्टीत मांडून पाहिला. पहिली चाल खेळेपर्यंत माणूस पेन्शनीत निघतो. 'हाय कराटे' नावाचे एक आफ्टरशेव्ह १९६७ साली निघाले. त्याच्या बाटलीबरोबर स्वसंरक्षणाच्या डावपेचांचा कागद मिळे. कारण ते लावल्यावर बायका अंगावर धावून येणार, त्यांना थोपवायचे कसे ते आधी शिकून ठेवा! आणि ही शिकवण देणारी कंपनी कुठली, तर करोनाच्या लशीमुळे आपल्या घराघरांत माहीत झालेली फायझर. तिच्याच एका विभागाचे हे उत्पादन.

पण ह्या सगळ्यांत मला मोह पडला तो 'ब्रूट'चा. हिरवीगार, लांब मानेची बाटली आणि गळ्यात चंदेरी साखळीचे पदक. हे १९६४ साली आले, फाबर्जे कंपनीचे. फाबर्जे म्हणजे रशियाच्या झारसाठी रत्नजडित अंडी घडवणारा जवाहिऱ्या. त्याचा ह्या पाण्याशी संबंध काय? काडीचाही नाही. क्रांतीनंतर ते घराणे रशियातून परागंदा झाले होते. १९३७ साली सॅम रुबिन नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने आपल्या अत्तरांना परस्पर ते नाव देऊन टाकले. घरच्यांना हे कळले दुसऱ्या महायुद्धानंतर. तक्रार झाली, आणि १९५१ साली पंचवीस हजार डॉलरवर तडजोड होऊन नाव सुटले. १९६४ साली तीच कंपनी दोन कोटी साठ लाख डॉलरला विकली गेली. आम्हाला बी.कॉम.ला 'गुडविल' शिकवताना सर नेहमी म्हणत, "ही मालमत्ता हाताला लागत नाही." फाबर्जेच्या वारसांच्या हाताला ती खरेच लागली नाही.

ब्रूटची एक बाटली मीही घेतली होती. १९९८ साल. कॉलेजचे गॅदरिंग, आणि वर्गात एक मुलगी. मुंबईतल्या एका गल्लीत, एका माणसाने इकडेतिकडे बघत ती मला गोणपाटाखालून काढून दिली. एवढ्या गुप्ततेने दिलेली वस्तू खोटी असेल अशी शंकाही मला आली नाही. साखळी होती, पदक होते, हिरवा रंग होता. आत होते ते बहुधा फरशी पुसण्याचे असावे. गॅदरिंगला मी पुढच्या रांगेत बसलो आणि माझ्यामागची रांग हळूहळू रिकामी झाली. मजा म्हणजे त्या संध्याकाळी मला स्वतःला तो वास अत्यंत उमदा वाटत होता. पदकाला आलेली साखळी मी शर्टाच्या आत गळ्यात घातली होती, हे आज पहिल्यांदाच सांगतो आहे.

ह्याचे कारण पुढे मला लुई चेस्किन नावाच्या माणसात सापडले. शिकागोत ह्याने रंग आणि वेष्टणे ह्यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घातले. त्याचा एक प्रयोग फार गंमतीचा आहे. एकच वस्तू दोन खोक्यांत भरली. एका खोक्यावर वर्तुळे, दुसऱ्यावर त्रिकोण. लोकांना खोक्याबद्दल काहीच विचारले नाही. आतल्या मालाबद्दल विचारले. तर बहुतेकांना वर्तुळांतला माल सरस वाटला! आणि ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तो खरोखरच सरस लागत होता. वेष्टणाची जाणीव मालात उतरते, ह्याला त्याने 'सेन्सेशन ट्रान्सफरन्स' असे नाव दिले. ट्रान्सफर म्हटले की बँकवाल्याच्या पोटात गोळा येतो, पण ही बदली माणसाच्या नकळत होते.

मी विकत आणलेली लगड २००८ सालची. म्हणजे तिचे डिझाइन त्या सालचे. पाको राबान कंपनीने तिचे नावच ठेवले 'वन मिलियन'. त्याच वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरच्या बँकवाल्यांची तोंडे उतरली. अशा दिवसांत पुरुषांना सोन्याच्या विटेतून वास विकणाऱ्याची नाडीपरीक्षा पक्की म्हणायची. आणि त्याच २००८ साली अमेरिकेत ओल्ड स्पाइसची पांढरी काचेची बाटली गेली, प्लॅस्टिकची आली. करडे बूच जाऊन लाल आले. मूळचे गलबत तर आधीच, १९९२ साली उतरवून त्या जागी आजकालची हौशी शिडाची होडी बसवली होती. आपल्याकडे काचेची बाटली त्यानंतरही बरीच वर्षे मिळत राहिली, आणि तिकडचे शौकीन ती इथून मागवून घेत. वास तोच आहे हो, असे कंपनी कितीही म्हणो. ज्याने ती काच हातात धरली आहे त्याला ते पटत नाही.

मला तर मुळीच पटत नाही. आमच्या घरी ती बाटली होती.

१९८६ साल असेल. मी सात वर्षांचा होतो. माझा मामा मस्कतला नोकरीला होता. पहिल्यांदा सुट्टीवर आला, तेव्हा आईला नायलॉनची साडी, मला खोडरबर लावलेल्या पेन्सिली आणि आप्पांना ओल्ड स्पाइसची बाटली घेऊन आला. आप्पा साताऱ्याला जिल्हा परिषदेत कारकून. दाढी खिडकीपाशी, वाटीत गरम पाणी घेऊन, रेडिओवरच्या बातम्या ऐकत करायचे आणि शेवटी तुरटी. त्यांना ती बाटली हातात कशी धरावी तेही कळेना. मामा म्हणाला, "दाजी, थेंबभरच घ्यायचं. उग्र असतं."

तेव्हापासून रविवारी गलबत निघू लागले. आप्पा बूच काढायचे, बाटली तळव्यावर एकदा ठोकायची, तळवे चोळायचे आणि गालांवर चापट्या मारायचे. मग मी धावत जायचो आणि त्यांच्या गालाला नाक लावायचो. लवंग, दालचिनी आणि समुद्र. समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता. पण तो असाच वास मारत असणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. "कुठं गेलं गलबत?" आप्पा विचारायचे, आणि मी भूगोलातले येईल ते नाव ठोकून द्यायचो. मादागास्कर माझ्या विशेष आवडीचे होते.

ती बाटली संपेचना. मामा दर दोन-तीन वर्षांनी यायचा, फळीवर बाटली बघायचा आणि म्हणायचा, "दाजी, अजून चालूये? कमाल आहे तुमची!" आप्पा म्हणायचे, "थेंबभरच घेतो ना." आम्ही तिला द्रौपदीची थाळी म्हणायचो. आप्पांच्या काटकसरीची ती घरातली कायमची थट्टा झाली. मी दहावी झालो, बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, पहिल्या पगारात त्यांना नवी बाटली आणली, तर म्हणाले, "असू दे. जुनी संपली की काढू."

आप्पा २००९ साली गेले. तेरावे झाल्यावर त्यांची फळी आवरताना बाटली हाताला लागली. हलवली तर आत खळखळ वाजले. मी बूच काढून नाकाला लावले. वास नव्हता. कसलाच. बाटलीच्या तोंडाला पांढरी खर धरली होती. तळव्यावर थोडे घेऊन जिभेला लावले, तोंड आकसले.

"तुरटीचं पाणी आहे ते," आई मागून म्हणाली. "ते कधीच संपलं रे. वर्षाच्या आतच. पहिल्या पावसाळ्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"मामाला वाटलं असतं, दुसरी आणावी. त्याची तिकडं काय ओढाताण चाललेली असायची, ते आम्हाला पत्रातून कळत होतं. आणि तू यायचास ना नाक घेऊन. एकदा म्हणाले होते, सांगतो आता त्याला. त्या दिवशी तू गाल हुंगून म्हणालास, आज मादागास्कर फार जवळ आलंय. मग नाहीच सांगितलं."

मी हिशेब केला. बँकेतला माणूस दुसरे काय करणार? पहिल्या वर्षानंतर मी किमान सहा-सात वर्षे त्या गालांना नाक लावत होतो. तीनशेच्या वर रविवार. त्यातल्या प्रत्येक रविवारी मला लवंगेचा वास आला होता. आजही शपथेवर सांगेन की आला होता. चेस्किनसाहेबांना हे कळवायला हवे होते, पण ते कधीच वारले होते.

सोन्याची लगड मेहुण्याच्या लग्नात लावून झाली. सासुरवाडीकडच्या एकाने बाटलीचे कौतुक केले, वासाबद्दल कुणी काही बोलले नाही. आमचे चिरंजीव ती हातात घेऊन "बाबा, खरं सोनं आहे?" असे दिवसातून दोनदा विचारतात आणि वजन करून बघतात. रक्त बोलते.

लगड आता फळीवर गलबताशेजारी उभी आहे. गलबत गेली काही वर्षे रिकामेच होते. काल संध्याकाळी बँकेतून येताना वाण्याकडे थांबलो आणि पाच रुपयांची तुरटी मागितली. त्याने ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिली आणि काळजीने विचारले, "का हो, पाणी गढूळ येतंय का तुमच्याकडं?"